'बेंगाल'ने खरंच जपानी जहाज बुडवलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोलीकडच्या एका घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, की पणजोबा दुसऱ्या महायुद्धात 'बेंगाल' नावाच्या सुरुंगनाशक बोटीवर खलाशी होते. त्या बोटीने तेलाने भरलेला टँकर वाचवला आणि एक मोठं जपानी जहाज बुडवलं. पणतवाने नेटवर शोधलं तर तीन ठिकाणी तीन गोष्टी. कुठे 'बेंगाल'ने बुडवलं, कुठे टँकरनेच बुडवलं, तर कुठे 'बेंगाल' टँकरला सोडून पळाली. वर त्याला पडलेला आणखी एक प्रश्न: सुरुंग काढणारी बोट भर हिंदी महासागरात करत काय होती? आणि पुढे तिचं काय झालं?

आधी सरळ उत्तर देतो, मग सविस्तर. लढाई खरी. जपानी जहाज बुडालं, हेही खरं. टँकर वाचला, पण तो भरलेला नव्हता, रिकामा होता, आणि रिकामा होता म्हणूनच वाचला. गोळा कुणाचा लागला हा वाद आहे, त्यावर माझं मत पुढे देतो. पळाली म्हणणाऱ्यांनी मात्र बोटीवर कधी पाय ठेवलेला नसावा.

मी नौदलात होतो, आणि नोकरीतली बरीच वर्षं रशियन बनावटीच्या पाँडिचेरी वर्गाच्या माइनस्वीपरवर, म्हणजे सुरुंगनाशक बोटीवर, तिच्या मागच्या डेकवर काढली. निवृत्तीनंतर जुन्या बोटींचे कागद चाळायचा नाद लागला. तेव्हा आधी त्या मागच्या डेकवरच चला, कारण 'सुरुंगनाशक' हा शब्द ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं ते बहुधा चुकीचं असतं.

जुना सुरुंग म्हणजे पाण्याखाली तरंगणारा लोखंडी गोळा. तळाशी वजन, वजनाला तार आणि तारेच्या टोकाला हा फुगा, पृष्ठभागाच्या थोडा खाली. अंगावर शिशाची शिंगं असतात. शिंगाच्या आत काचेची नळी आणि नळीत आम्ल. जहाज घासलं की शिसं वाकतं, काच फुटते, आम्ल खाली उतरून बॅटरी जिवंत होते आणि स्फोट होतो. ज्याने हे डोक्यातून काढलं तो माणूस कुणाचा तरी शाळामास्तर असावा, इतकं ते साधं आणि निर्दय आहे.

हा सुरुंग काढायचा म्हणजे त्याच्यापाशी जायचं नाही, त्याची तार कापायची. बोटीच्या मागून शेकडो यार्ड लांब पोलादी तार सोडतात. तारेच्या टोकाला ऑटर नावाचा फळ्यांचा एक सांगाडा असतो. पतंगाला वारा बाजूला ओढतो तसं पाणी त्याला बोटीपासून बाजूला ओढतं. बोटीच्या जवळच्या टोकाला तसाच दुसरा सांगाडा, पण तो तारेला खाली दाबून ठेवतो. त्याला खलाशी काइटच म्हणतात. ऑटरच्या वर डुकराएवढा तरंगता फ्लोट, त्यावर निशाण. निशाण दिसतंय म्हणजे तार ठरल्या खोलीवर आहे. तारेचे पदर मुद्दाम खरखरीत वळलेले असतात, आणि मधे मधे कातऱ्या बसवलेल्या असतात. सुरुंगाची तार या तारेवर घासत घासत कातरीत येते, तुटते, आणि गोळा बुडबुडे काढत वर येतो. मग डेकवरून रायफलने त्याला भोकं पाडायची. बहुतेक वेळा तो पाणी भरून गुपचूप बुडतो, एखादा फुटतो. 1919 च्या सुमाराला 'ओरोपेसा' नावाच्या ट्रॉलरवर ही पद्धत पक्की झाली, म्हणून तिचं नावही ओरोपेसा स्वीप.

आमच्या काळात यंत्रं बदलली होती, पण तार तीच आणि हात तेच. विंचवर, म्हणजे तार ओढायच्या रहाटावर, तार गुंडाळताना तुटलेला एखादा पदर वर उभा असतो. चामड्याचा मोजा घालूनही तो तळव्यात घुसतो आणि तार थांबत नाही. माझ्या डाव्या तळव्यावर अजून खूण आहे. त्या दिवशी विंच चालवणारा माणूस दुसरीकडे बघत होता, एवढंच सांगतो. पणजोबा स्वीप डेकवर असतील तर त्यांच्याही हातावर अशी खूण असणार. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून बघा, कुणाला आठवत असेल.

मुंबईला हे काम परकं नव्हतं. पहिल्या महायुद्धात 'वोल्फ' नावाचं जर्मन जहाज फेब्रुवारी 1917 मध्ये कोलंबो आणि मुंबईच्या बाहेर सुरुंग पेरून गेलं. ते सुरुंग पुढे कित्येक महिने तिथेच वाट बघत राहिले. पी अँड ओ कंपनीचं 'मंगोलिया' हे प्रवासी जहाज 23 जून 1917 ला, ऐन पावसाळ्यात, मुंबईजवळ त्यातल्याच एकावर गेलं आणि बुडालं. पेरणारा केव्हाच निघून गेला होता. म्हणून मोठ्या बंदरांच्या तोंडाशी जहाजांचा ठरलेला मार्ग अंगण झाडावं तसा पुन्हा पुन्हा झाडत राहायचा. आज काही सापडलं नाही म्हणजे उद्या सापडणार नाही, असं नाही.

आता 'बेंगाल'. ती बॅथर्स्ट वर्गातली. ऑस्ट्रेलियाने युद्धकाळात या वर्गाच्या 60 बोटी बांधल्या. त्यातल्या चार रॉयल इंडियन नेव्हीसाठी: 'बेंगाल', 'बॉम्बे', 'मद्रास' आणि 'पंजाब'. कागदावर या वर्गाचं नाव 'ऑस्ट्रेलियन माइनस्वीपर', पण खलाशी त्यांना कॉर्व्हेटच म्हणत, म्हणजे व्यापारी जहाजांना सोबत करणारी छोटी लढाऊ बोट. माइनस्वीपर या पाटीमागे त्यांचं पाणबुडीविरोधी काम झाकलेलं होतं. पाणबुडी शोधायला अ‍ॅस्डिक, मारायला डेप्थ चार्ज, आणि मागे सुरुंग काढायचं सामान. म्हणजे एकाच माणसाने भात लावायचा, होडी वल्हवायची आणि लग्नात ताशाही वाजवायचा, तशातली गत. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. ती भर समुद्रात होती, कारण तिच्या नावाप्रमाणे तिला कामच क्वचित मिळालं. युद्धात सगळ्यात मोठा तुटवडा होता सोबत करणाऱ्या बोटींचा, आणि या बोटी सोबतीला जुंपल्या गेल्या.

अंगापिंडाने लहान. लांबी सुमारे 57 मीटर, प्रमाण वजन साडेसहाशे टनांच्या पुढेमागे, वेग जेमतेम 15 नॉट, माणसं पंचाऐंशीच्या आसपास. इंजिन जुन्या पद्धतीचं, वाफेचं, तिहेरी प्रसरणाचं. हे इंजिन मुद्दाम निवडलं, कारण ते समुद्रापासून लांबच्या रेल्वे कारखान्यांतही बनवता येत होतं. टर्बाइनला लागणारी नाजूक कारागिरी सगळीकडे कुठून आणणार?

'बेंगाल' सिडनीच्या कॉकाटू डॉकयार्डमध्ये बांधली. 3 डिसेंबर 1941 ला काम सुरू, 28 मे 1942 ला पाण्यात, आणि 8 ऑगस्ट 1942 ला नौदलात दाखल. आठ महिन्यांत बोट तयार! भारतीय खलाशी तिला घ्यायला सिडनीला गेले होते. तिची बहीण 'बॉम्बे' त्याआधीच तिकडे होती. जपानच्या बटू पाणबुड्या 31 मे 1942 च्या रात्री सिडनी बंदरात घुसल्या, तेव्हा 'बॉम्बे' त्याच बंदरात उभी होती. घरातल्या गोष्टीत कुठे सिडनीतल्या गोंधळाची आठवण निघत असेल, तर पणजोबा आधी कुठल्या बोटीवर होते हे तपासायला हवं. अशा दोन बोटींच्या आठवणी साठ-सत्तर वर्षांत एक होऊन जातात.

कोकणाचा माणूस या नौदलात असणं यात नवल काहीच नाही. युद्धाआधीच्या त्या छोट्या नौदलात आणि त्याच्या आधीच्या रॉयल इंडियन मरीनमध्ये खलाशांची भरती मुख्यतः रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून व्हायची, कोकणी मुसलमान आणि हिंदू दोन्ही. युद्धात नौदल फुगलं, पंजाब, बंगाल, दक्षिण, सगळीकडून पोरं आली. पण समुद्र ज्यांच्या अंगवळणी पडलेला होता, ती माणसं रत्नागिरीचीच. जयगड, हर्णे, दाभोळ या गावांतली कितीतरी घरं 'बोटीवर' या एका शब्दात सगळी नोकरी सांगतात. मग ती मालाची बोट असो, प्रवाशांची असो की लढाईची.

आता त्या दिवसाकडे येऊ.

जपानच्या बाजूला दोन जहाजं होती, 'होकोकू मारू' आणि 'आयकोकू मारू'. मुळात ओसाका शोसेन कंपनीची प्रवासी-मालवाहू जहाजं, प्रत्येकी 10 हजार टनांच्या वर. युद्धात त्यांवर 14 सेंटिमीटरच्या तोफा, टॉर्पेडोच्या नळ्या आणि पाण्यावर उतरणारी विमानं चढवली. काम दोन प्रकारचं: पाणबुड्यांना रसद पुरवायची आणि एकटंदुकटं व्यापारी जहाज दिसलं की धरायचं किंवा बुडवायचं. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी 'जेनोटा' हा डच टँकर धरला होता, जूनमध्ये 'एलिसिया' हे ब्रिटिश जहाज बुडवलं, आणि जुलैमध्ये 'हौराकी' पकडलं. म्हणजे शिकारीचा हात बसलेला होता. वेग वीस नॉटच्या वर.

आपल्या बाजूला 'बेंगाल' आणि 'ऑन्डिना'. 'ऑन्डिना' डच टँकर, सहा हजार टनांहून थोडी मोठी, कॅप्टन विलेम होर्समन. 'बेंगाल'वर लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन, हे रॉयल इंडियन नेव्हीच्या राखीव दलातले. दोघी ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघालेल्या. टँकर पुढे आखातात तेल भरायला जाणार होता. म्हणून रिकामा.

11 नोव्हेंबर 1942, दुपारच्या सुमाराला, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला बऱ्याच अंतरावर क्षितिजावर दोन मोठी जहाजं दिसली. कोण आहेत हे कळायला वेळ लागला नाही. विल्सननी टँकरला पळून जायला सांगितलं, नंतर कुठे भेटायचं ते ठरवून दिलं, आणि 'बेंगाल' वळवून सरळ मोठ्या जहाजांच्या अंगावर घातली.

इथे जरा थांबून गोळ्यांची वजनं बघा, म्हणजे त्या वळण्याचा अर्थ कळेल. जपानी 14 सेंटिमीटर तोफेचा गोळा सुमारे 38 किलोचा. 'ऑन्डिना'च्या मागच्या बाजूला एक चार इंची तोफ होती, तिचा गोळा साधारण 14 किलोचा. 'बेंगाल'ची मुख्य तोफ बारा पौंडी, नावातच वजन आहे, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. वर तीन ओर्लिकॉन, म्हणजे विमानांवर मारायच्या छोट्या तोफा. म्हणजे सोबत करणारीपेक्षा जिची सोबत करायची तिचीच तोफ मोठी. अशी वरात युद्धातच निघते.

मग वळायचं कशाला? कारण साडेपाच किलोच्या गोळ्याने काही होणार असेल तर ते जवळून. लांब राहिलं की समोरच्याचे गोळे पोचतात आणि आपले नुसते पाण्यात पडतात. शिवाय समोरून येणारी अरुंद बोट म्हणजे नेम धरायला लहान निशाण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शत्रू जेवढा वेळ तुमच्यावर गोळे टाकतो तेवढा वेळ टँकर सुटलेला असतो. यात शौर्य आहेच, पण हिशेबही आहे.

होर्समननीही हिशेब केला. टँकरचा वेग शिकाऱ्यांच्या निम्म्याच्या थोडा वर. पळून किती पळणार? त्यांनी तोफ चालवायचं ठरवलं. तोफेवर ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश आणि डच अशी मिसळ होती, गोळे मोजके. दोन्ही बाजूंनी अंतर कमी होत गेलं, आणि थोड्या वेळाने 'होकोकू मारू'वर गोळा लागला. टॉर्पेडोच्या नळ्यांपाशी आग लागली, पसरली, आणि मागच्या भागात जबर स्फोट झाला. जहाज बुडालं. कॅप्टन हिरोशी इमाझातोंसह 76 माणसं गेली, पावणेतीनशेच्या वर वाचली.

गोळा कुणाचा? 'बेंगाल'च्या लोकांना वाटलं आपला, 'ऑन्डिना'च्या लोकांना वाटलं आपला. दोन्ही खोटं बोलत नव्हते. तोफेवर उभ्या माणसाला आपल्याच गोळ्याचा वेळ मोजून माहीत असतो. त्या क्षणाला समोर उजेड दिसला की तो आपला. त्याच क्षणी दुसऱ्याचाही गोळा हवेत असतो, हे त्याला दिसत नाही. सरावातही हे होतं. एका लक्ष्यावर दोन बोटी मारत असल्या की संध्याकाळी मेसमध्ये भांडण ठरलेलं.

माझं मत 'ऑन्डिना'च्या बाजूने झुकतं. 14 किलोचा गोळा लोखंड फोडून आत शिरून काही तरी पेटवतो, याची शक्यता साडेपाच किलोच्या गोळ्यापेक्षा बरीच जास्त. पण उघड्या डेकवरच्या टॉर्पेडोला मोठा गोळा लागतोच असं नाही. तापलेला तुकडाही पुरतो. त्यामुळे छातीठोक कुणी सांगू नये. घरातल्या गोष्टीत एक शब्द बदला: 'बेंगालने बुडवलं'ऐवजी 'बेंगाल आणि टँकरने मिळून बुडवलं' म्हणा. मूठभर तोफा असलेल्या दोन बोटींपैकी एक वळली नसती तर दुसरीला नेम धरायला वेळच मिळाला नसता.

राहिला पळाल्याचा आरोप. 'आयकोकू मारू' अजून शाबूत होती. 'बेंगाल'चा दारूगोळा संपत आला होता, तिला मारही बसला होता. विल्सननी धूर सोडला आणि बोट बाजूला काढली. टँकर ठरल्याप्रमाणे लांब गेला असेल किंवा संपला असेल, असं तिथून दिसत होतं. गोळे नसलेली बोट शत्रूपुढे उभी ठेवून काय मिळतं? पंचाऐंशी माणसं मरतात, बस. 'बेंगाल'वर एकही माणूस दगावला नाही आणि ती स्वतःच्या इंजिनावर दिएगो गार्सियाला पोचली. विल्सनना पुढे डी.एस.ओ. हा सन्मान मिळाला, बोटीवरच्या इतरांनाही पदकं मिळाली.

खरी कथा मग 'ऑन्डिना'वर घडली, आणि आपल्याकडे ती कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. गोळे संपल्यावर होर्समननी इंजिन थांबवलं, शरणागतीची खूण केली आणि माणसांना होड्यांत उतरायला सांगितलं. गोळीबार थांबला नव्हता. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या जागेवर, झालेल्या माऱ्यात कॅप्टन गेले. जपानी जहाजाने दोन टॉर्पेडो मारले, दोन्ही लागले. मग होड्यांमधल्या माणसांवर मशीनगन चालवली, त्यात आणखी काही जण गेले. टँकर एका बाजूला कलला, पेटला, पण बुडेना. टाक्या रिकाम्या होत्या ना. हवेने भरलेले कप्पे त्याला वर धरून होते. भरलेला असता तर तेल, आग आणि वजन यांनी मिळून केव्हाच खाली नेला असता.

'आयकोकू मारू' आपल्या सोबत्याची पाण्यातली माणसं उचलायला गेली, परत येऊन आणखी एक टॉर्पेडो टाकला, तो चुकला. टँकर बुडतोच आहे असं समजून ती निघून गेली. मग होड्यांमधले लोक परत जहाजावर चढले. आगी विझवल्या, एका बाजूला भरलेलं पाणी तोलून जहाज सरळ केलं, इंजिन चालू केलं आणि आठवड्याभरात फ्रीमँटलला आणून लावलं. टॉर्पेडोची दोन भोकं घेऊन! मी इंजिनरूमचा माणूस नाही, पण कललेल्या जहाजात, अंधारात, खाली इंजिनापाशी परत उतरायला काय लागतं याची कल्पना करू शकतो. 'बेंगाल'वाल्यांना वाटत होतं टँकर गेला, आणि टँकर फ्रीमँटलच्या वाटेवर होता.

त्या दिवसानंतर जपानने सशस्त्र केलेली व्यापारी जहाजं असल्या शिकारीवर धाडणं सोडलं. 'आयकोकू मारू' फेब्रुवारी 1944 मध्ये पॅसिफिकमधल्या ट्रुक बेटांपाशी अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात बुडाली.

'बेंगाल'ची पुढची तीन वर्षं यापुढे फिकी वाटतील, पण पणजोबांची नोकरी मुख्यतः ती होती. ब्रिटिशांच्या ईस्टर्न फ्लीटच्या, म्हणजे पूर्वेकडच्या आरमाराच्या, दिमतीला सोबतीचं काम. टँकर आणि मालाची जहाजं एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेऊन पोचवायची, पाठीमागे अ‍ॅस्डिकची टिकटिक ऐकत. यात सांगण्यासारखं काही घडत नाही, आणि घडू नये म्हणूनच ती बोट तिथे असते. कधी घडलं तर कसं, हे तिच्याच वर्गातल्या बहिणींवरून कळतं: 11 फेब्रुवारी 1944 ला बंगालच्या उपसागरात एका काफिल्यावर जपानी पाणबुडी रो-110 चालून आली. आपली 'जमना' आणि ऑस्ट्रेलियाच्या 'इप्सविच' व 'लॉन्सेस्टन' या दोन बॅथर्स्ट बोटींनी तिला बुडवलं.

आणि सुरुंग? युद्ध संपल्यावर जगभरच्या माइनस्वीपरना त्यांच्या नावाचं काम खऱ्या अर्थाने मिळालं. तहावर सह्या झाल्या हे सुरुंगाला कुणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियाची 'वॉर्नाम्बूल' ही 'बेंगाल'चीच बहीण युद्धभर टिकली आणि 13 सप्टेंबर 1947 ला, युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर, ग्रेट बॅरियर रीफपाशी स्वतःच्याच बाजूने पेरलेले सुरुंग काढताना एकावर गेली. चार माणसं गेली.

फाळणीत नौदलाचीही वाटणी झाली. माइनस्वीपर 16 होत्या, त्यातल्या 12 भारताला आणि 4 पाकिस्तानला. 'बेंगाल', 'बॉम्बे', 'मद्रास' भारताकडे राहिल्या. एक बारीक गोष्ट, जुने कागद वाचताना उपयोगी पडेल: 15 ऑगस्ट 1947 नंतरही आपलं नौदल रॉयल इंडियन नेव्हीच होतं आणि बोटींच्या नावाआधी एच.एम.आय.एस., म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप', लागत होतं. 26 जानेवारी 1950 ला 'रॉयल' गेलं आणि आय.एन.एस. आलं. तेव्हा 1948 चा कागद 'हिज मॅजेस्टी'चा दिसला तर गडबडू नका. 'बेंगाल' 1960 मध्ये भंगारात निघाली.

जाता जाता, त्या बारा बोटींत 'कोकण' नावाचीही एक होती, ब्रिटनमध्ये बांधलेली बँगर वर्गाची. पुढे पाँडिचेरी वर्गात पुन्हा 'कोकण' आली आणि 'रत्नागिरी'सुद्धा. त्या वर्गाची शेवटची बोट 2019 मध्ये निवृत्त झाली. घरात कुणी 'आजोबा कोकणवर होते' म्हणत असेल तर गाव की बोट, हे विचारून घ्या. हे मी थट्टेने म्हणत नाही. असा घोळ मी स्वतः एका कुटुंबासाठी महिनाभर निस्तरला आहे.

आता पणजोबांचा माग. खलाशांच्या नोकरीच्या नोंदींसाठी नौदलाचं ब्यूरो ऑफ सेलर्स मुंबईत मानखुर्दला, चीता कॅम्पपाशी आहे. अर्ज करताना नुसतं नाव देऊन भागत नाही, नोकरीचा क्रमांक हवा. तो सर्व्हिस सर्टिफिकेटवर असतो, पेन्शनच्या कागदावर असतो, कधी पदकाच्या कडेवर कोरलेला सापडतो. ट्रंक, देव्हाऱ्यामागचा खण, जुन्या फोटोची मागची बाजू, सगळं बघा. नावाचीही तपासणी वेगवेगळ्या तऱ्हांनी करा. त्या काळचे कारकून कोकणातल्या माणसाचं आडनाव गाळून बापाचंच नाव पुढे लिहायचे, आणि स्पेलिंग तर कारकुनाच्या मर्जीवर. सखाराम बाळू आणि दाऊद इब्राहिम अशा जोडनावांखाली बसलेली माणसं घरच्यांना वर्षानुवर्षं सापडत नाहीत. पदकांवरूनही अंदाज बांधता येतो. बर्मा स्टार असेल तर पूर्वेच्या आघाडीवर समुद्रात होते. नुसतं इंडिया सर्व्हिस मेडल आणि वॉर मेडल असेल तर बहुधा किनाऱ्यावर किंवा बंदरातच काम केलं. तसं निघालं तर 'बेंगाल'ची गोष्ट ऐकीव असण्याची शक्यता धरून चाला. दुखावू नका, त्या बोटीची गोष्ट नौदलभर पसरली होती आणि ती आपलीच म्हणून सांगावीशी वाटणं साहजिक होतं.

'बेंगाल' स्वतः आता बघायला मिळणार नाही, पण तिच्या दोन बहिणी जिवंत आहेत. 'व्हायला' तिच्याच नावाच्या गावात जमिनीवर उभी करून ठेवली आहे. 'कॅसलमेन' मेलबर्नजवळ विल्यम्सटाउनच्या धक्क्याला आहे, पाण्यात, संग्रहालय म्हणून. मेलबर्नमध्ये मराठी माणसं भरपूर आहेत, तुमचंही कुणी तिकडे असेलच. त्यांना सांगा, पुढची तोफ आणि ब्रिज सगळेच बघतात. खाली इंजिनरूममध्ये उतरा, वाफेचं ते तिहेरी इंजिन बघा. मग मागच्या डेकवर जा. विंच शोधा, तारेची जागा शोधा, आणि तिथे उभं राहून पाठीमागच्या पाण्याकडे तोंड करा. स्वीपवरचा खलाशी दिवसभर याच बाजूला बघत उभा असतो, बोट कुठे चालली आहे हे त्याला क्वचितच दिसतं.